कुठपर्यंत पोचतंय?

“नेट गेलं!”

आपल्या घरांतून आठवड्यातून एकदा तरी ऐकू येणारी ही आरोळी. पूर्वी वाड्यात “नळ गेला” किंवा “लाइट गेले” अशी हाक यायची, अगदी त्याच सुरात. त्यावर घरातल्या जाणत्या माणसाचं उत्तरही ठरलेलं असतं, “बंद करून परत चालू कर.” बऱ्याचदा त्याने कामही होतं. पण काय बिघडलं होतं आणि काय सुधारलं, हे शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही. पुन्हा बिघडलं की पुन्हा तेच.

मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ याच धंद्यात आहे. कंपन्यांची नेटवर्क उभारायची आणि ती बंद पडली की रात्री-अपरात्री उठून दुरुस्त करायची. त्यामुळे मंडळाच्या सहलीत म्हणा, गणपतीत प्रसादाच्या रांगेत म्हणा, कोणीतरी हळूच विचारतंच, “अगं, वायफाय तर दिसतंय, पण काहीच उघडत नाही. काय करू?” डॉक्टर मैत्रिणीला जशी सगळे गुडघेदुखी सांगतात, तसंच हे!

संपादकांनी दिवाळी अंकासाठी लेख मागितला तेव्हा ठरवलं, या वेळी उपाय सांगायच्या आधी इतिहास सांगायचा. कारण बिघाड शोधायची जी साधनं आज तुमच्या-आमच्या कॉम्प्युटरमध्ये आयती असतात, ती कुठल्या ना कुठल्या अडचणीतून जन्मली. आणि त्या सगळ्या माणसांनी विचारलेला प्रश्न एकच होता. “का चालत नाही?” हा नव्हे, तर “कुठपर्यंत पोचतंय?” हा.

पहिलाच निरोप अर्धवट

२९ ऑक्टोबर १९६९. रात्रीचे साडेदहा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी कॉम्प्युटरसमोर बसला होता. सुमारे साडेतीनशे मैल उत्तरेला, मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बिल डुव्हाल दुसऱ्या कॉम्प्युटरपाशी होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभं राहत असलेलं अर्पानेट हे नेटवर्क त्या रात्री पहिल्यांदाच दोन कॉम्प्युटरांमध्ये चालवून पाहायचं होतं. क्लाइनला फक्त “लॉगिन” एवढा शब्द टाइप करायचा होता.

गंमत अशी की हे करताना दोघेही साध्या टेलिफोनवर बोलत होते. क्लाइनने एल टाइप केलं आणि विचारलं, “आलं का?” “आलं.” मग ओ. “आलं?” “आलं.” मग जी टाइप केलं, आणि पलीकडचा कॉम्प्युटर कोसळला! म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पूर्वजावरून गेलेला पहिला निरोप फक्त दोन अक्षरांचा, एल आणि ओ. डुव्हालने बिघाड शोधून काढला (येणारी अक्षरं साठवायची जागा अपुरी पडली होती), ती वाढवली, आणि तासाभराने लॉगिन पुरं झालं.

इंटरनेटच्या जन्माची कथा म्हणून हा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. मला मात्र ती बिघाड शोधण्याच्या पहिल्या धड्याची कथा वाटते. त्यात दोन गोष्टी आपोआप घडल्या. एक म्हणजे, नेटवर्क तपासायला त्या नेटवर्कपेक्षा वेगळा रस्ता, म्हणजे टेलिफोन, हाताशी होता. आणि दुसरी, प्रत्येक अक्षरानंतर “आलं का?” असं विचारलं गेलं. सगळा शब्द एकदम पाठवला असता, तर कुठल्या अक्षराला गाडी अडली ते कळलं नसतं.

एका संध्याकाळचं काम

पुढे नेटवर्कं वाढली, एकमेकांना जोडली गेली, आणि टेलिफोनवर “आलं का?” विचारणं शक्य राहिलं नाही. मग तो प्रश्न कॉम्प्युटरनेच कॉम्प्युटरला विचारायचा अशी सोय झाली. १९८१ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या नियमांत, नेटवर्कमधल्या अडचणी कळवण्यासाठी एक छोटी भाषाच ठरवली गेली. त्यात एक साधा निरोप होता, “ऐकू येतंय का?” आणि त्याचं उत्तर, “हो, येतंय.” ज्याला विचारलं त्याने आलेला मजकूर जसाच्या तसा परत करायचा. लहानपणी घाटात “ओ!” म्हणून ओरडलं की डोंगर “ओ!” म्हणतो ना, तसं. त्याचं नावही ‘एको’, म्हणजे प्रतिध्वनीच.

पण नियम असून चालत नाही, वापरायला हत्यार लागतं. ते केलं माइक म्यूस यांनी. मेरीलँडमध्ये ॲबर्डीन इथे अमेरिकन सैन्याची बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरी होती, तिथे ते काम करत. डिसेंबर १९८३ मध्ये तिथलं नेटवर्क विचित्र वागू लागलं. त्याच वर्षी जुलैमध्ये नॉर्वेतल्या एका बैठकीत डेव्ह मिल्स यांच्याकडून त्यांनी ऐकलं होतं, की असे एको-निरोप पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजता येतं. म्यूस यांनी एका संध्याकाळी बसून सुमारे हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहून टाकला आणि त्याचं नाव ठेवलं ‘पिंग’. पाणबुडीतलं सोनार यंत्र ‘पिंग’ असा आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून समोर काय आहे ते ओळखतं, त्यावरून हे नाव. लांबलचक इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं वगैरे अर्थ लोकांनी मागाहून चिकटवले.

म्यूस यांनी त्याचा एक सुंदर किस्सा लिहून ठेवला आहे. एका माणसाच्या ऑफिसात नेटवर्क मधूनमधून तुटायचं. त्याने पिंगचं उत्तर आलं की कॉम्प्युटरने मोठ्याने “पिंग!” असं म्हणावं अशी व्यवस्था केली, तो आवाज स्टिरिओला जोडला आणि कान किटतील एवढा मोठा केला. मग इमारतभर हिंडून एकेक जोड हलवत सुटला. एका जोडाला हात लावताच आवाज थांबला. चोर सापडला!

हा किस्सा वाचला तेव्हा मला पुण्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब आठवली. नव्वदच्या दशकाची सुरुवात. तेव्हा सगळे कॉम्प्युटर एकाच लांब काळ्या केबलवर, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे ओळीने जोडलेले असत. केबलच्या दोन्ही टोकांना छोटी टोपणं, त्यांना टर्मिनेटर म्हणायचं. एखादं टोपण सैल झालं किंवा मधला एक जोड निसटला, की सगळी रांग बंद. आमचे लॅब असिस्टंट काका काहीही न बोलता केबलच्या मधोमध जाऊन ती तोडायचे, तिथे जादाचं टोपण लावायचे आणि कुठली अर्धी बाजू जिवंत झाली ते बघायचे. मग उरलेल्या अर्ध्याचं अर्धं. वीस मशिनांमध्ये पाचेक खेपांत ते चुकार जोडापाशी पोचायचे. पुस्तकात याला मोठं नाव आहे हे मला नंतर कळलं.

माइक म्यूस २००० साली मोटार अपघातात गेले. आयुष्यात याहून मोठी कामं त्यांनी केली होती. पण जगाने त्यांना लक्षात ठेवलं ते या एका संध्याकाळच्या कामासाठी. इतकं गाजेल हे ठाऊक असतं तर आणखी एखाददोन दिवस त्यावर घालवले असते, असं त्यांनीच गमतीने लिहिलं आहे.

चारशे यार्डांचा घाट

पिंगने “पोचतंय की नाही” हे कळतं. पण नाही पोचत, तर कुठे अडतंय? याचं उत्तर आलं कॅलिफोर्नियातून.

ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कली विद्यापीठ आणि डोंगरावरची लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरी यांच्यामधला वेग अचानक कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर जेमतेम चारशे यार्ड. एरवी सेकंदाला ३२,००० बिट जायचे, ते ४० वर आले! माणूस कागद हातात घेऊन चालत गेला असता, तर लवकर पोचला असता.

लॉरेन्स लॅबमधल्या व्हॅन जेकबसन यांनी बर्कलीच्या माइक कॅरल्स यांच्याबरोबर याचा माग काढला. तेव्हा लक्षात आलं की यंत्र किंवा तार कुठेच तुटलेली नव्हती. गर्दी झाली होती, आणि गर्दीवर प्रत्येकाचा उपाय गर्दी वाढवत होता. पाठवलेल्या निरोपाची पोच आली नाही, की कॉम्प्युटर समजायचा, हरवला. मग तोच निरोप पुन्हा पाठवायचा. सगळेच पुन्हा पाठवायला लागले, की रस्ता आणखी तुंबायचा. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात गाड्या अडकल्यावर प्रत्येकाने आणखी एक गाडी मागवावी, तसला प्रकार. जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय अगदी घरगुती शहाणपणाचा आहे. सुरुवात हळू करा, पोच येत गेली तसा वेग वाढवा आणि पोच थांबली की आपण होऊन मागे सरका. आपल्या कॉम्प्युटरांच्या तेव्हापासूनच्या वागण्याचा पाया हाच आहे.

याच जेकबसन यांनी त्या सुमारास, स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून, ‘ट्रेसराउट’ लिहिलं. त्यामागची युक्ती मला अजूनही आवडते. नेटवर्कवरच्या प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. वाटेतलं प्रत्येक नाकं, म्हणजे राउटर, तो आकडा एकाने कमी करतं. आकडा शून्य झाला की पाकीट फेकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला “तुमचं पाकीट माझ्यापाशी संपलं” असं कळवायचं. पाकिटांनी जन्मभर गोल गोल फिरत राहू नये म्हणून केलेली ही सोय. जेकबसन यांनी ती उलटी वापरली. पहिलं पाकीट मुद्दाम १ आकडा घालून पाठवायचं, ते पहिल्या नाक्यावर मरतं आणि त्या नाक्याचं नाव कळतं. मग २, मग ३. असं करत न्यू जर्सीपासून सांगलीपर्यंतची सगळी नाकी एकापाठोपाठ स्वतःची नावं सांगतात. काही नाकी गप्प बसतात, पण अंदाज येतो. पाकिटं मरतात ते रस्ता दाखवण्यासाठी!

पत्त्याची वही

आता एक असा बिघाड, जो मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. वायफाय आहे, दिवे हिरवे आहेत, पण वेबसाइट एकही उघडत नाही.

कॉम्प्युटरांना आपली नावं कळत नाहीत, त्यांना आकडे लागतात. अर्पानेटच्या काळात नाव आणि आकडा यांची यादी एका फाइलमध्ये असे. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखालचा गट सांभाळायचा. नवं मशीन आलं की त्यांना कळवायचं, त्या यादीत घालणार, मग सगळ्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. नेटवर्क वाढल्यावर हे हाताबाहेर गेलं. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नवी पद्धत मांडली, ती डीएनएस. एकच वही न ठेवता तिची पानं जगभर वाटून द्यायची, आणि ज्याला जे नाव हवं त्याने ते योग्य ठिकाणी विचारायचं.

पद्धत उत्तम, पण त्यामुळे बिघाडाची एक नवीच जात जन्मली. रस्ता पूर्ण मोकळा आहे, पण पत्ता सांगणारा जागेवर नाही. अशा वेळी ब्राउझर जो मजकूर दाखवतो, त्यावरून माणसाला वाटतं की सगळं इंटरनेटच गेलं.

याच्या उलट प्रकार ४०४ चा. पडद्यावर ४०४ दिसलं की आपण “नेट गंडलंय” म्हणतो. प्रत्यक्षात ती चांगली बातमी असते! टिम बर्नर्स-ली आणि मंडळींनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत वेब उभारताना हे आकडे ठरवले. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे मागणीत काही चुकलं, ५ ने सुरू होणारा म्हणजे समोरच्या मशिनात काही बिघडलं. ४०४ आलं याचा अर्थ तुमचा निरोप पोचला, समोरच्याने वाचला आणि “हे पान माझ्याकडे नाही” असं सौजन्याने कळवलं. सर्नमध्ये ४०४ नंबरची खोली होती वगैरे दंतकथा आहे. वेबच्या कामात बर्नर्स-ली यांचे जोडीदार असलेल्या रॉबर्ट कायो यांनीच ती फेटाळली आहे.

मोडेमचं गाणं आणि समुद्रातली तार

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमतर्फे, आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे. मोडेम टेलिफोन लावायचा, मग ते “टीं... टूं... खर्रर्र” असं गाणं सुरू व्हायचं. मी १९९७ मध्ये इकडे आले, तेव्हा इथेही घरोघरी तेच गाणं होतं. आम्ही ते ऐकून निदान करायचो. नुसती टेलिफोनची घंटा वाजत राहिली, तर पलीकडे कोणी उचलत नाही. खरखर लांबत गेली, तर लाइन खराब आणि आता वेग कमी मिळणार. यंत्र स्वतःच बोलत होतं. आजचा राउटर मुका झालाय, फक्त दिवे मिचकावतो.

भारताशी असलेला आपला धागा किती बारीक आहे, हे ३० जानेवारी २००८ ला कळलं. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरच्या दोन केबल तुटल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग. भारतातून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक बरीचशी त्यावरूनच चालत असल्याने भारताची क्षमता एकदम निम्म्याच्या आसपास घटली. त्या आठवड्यात माझ्याकडून मुंबईला ट्रेसराउट केलं, तर पाकिटं युरोपऐवजी पॅसिफिक ओलांडून पूर्वेकडून येताना दिसायची. उशीर व्हायचा, पण पोचायची.

पहिल्यांदा सगळ्यांनी दोष दिला तो जहाजाच्या नांगराला. मग इजिप्तच्या सरकारने कॅमेऱ्यांचं चित्रण तपासून सांगितलं, की त्या वेळी त्या भागात जहाज नव्हतंच. दोन दिवसांनी दुबईजवळ तिसरी, फाल्कन नावाची केबल तुटली, तिथे मात्र खरोखरच पाच-सहा टनांचा बेवारस नांगर सापडला. दोन्ही घटना तशाच दिसत होत्या, पण एकीचं कारण दुसरीला लावून चाललं नसतं.

समुद्रात तुटलेली जागा शोधतात कशी? किनाऱ्यावरून काचेच्या तंतूत प्रकाशाचा झोत सोडतात. तुटलेल्या जागेवरून काही प्रकाश परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. पुन्हा पिंगच! मग जहाज तिथे जाऊन आकड्याने केबल वर ओढतं आणि जोडतं. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन अशी तारायंत्राची केबल टाकली, तेव्हाही तुटलेली तार अशीच आकडा टाकून वर काढत. फक्त अंतर काढायचं ते तारेचा विद्युत-विरोध मोजून.

सांगलीचा कॉल

हे सगळं कशासाठी कळायला हवं, ते मला एप्रिल २०२० मध्ये नीटच उमगलं. फेब्रुवारीत बाबांची बायपास झाली होती. मार्चच्या शेवटी भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली आणि मी इकडे अडकले. सांगलीच्या घरात आई आणि बाबा दोघंच. मिरजेचे डॉक्टर दर आठवड्याला व्हिडिओवर त्यांना बघायचे. घरात मोबाइलची रेंज बोलण्यापुरतीच, त्यामुळे सगळी भिस्त वायफायवर.

एका सकाळी, डॉक्टरांच्या वेळेच्या तासभर आधी, आईचा फोन आला. तिकडे साडेनऊ, माझ्याकडे मध्यरात्र.

“अगं, नेट गेलं. बंद करून चालू केलं, दोनदा.”

“आई, राउटरवर दिवे कसे आहेत?”

“सगळे हिरवे आहेत. वायफायचं चिन्ह पण आहे. गूगलच उघडत नाही.”

आई निवृत्त गणिताच्या शिक्षिका. मी तिला काळी खिडकी कशी उघडायची ते सांगितलं, पिंग लिहून राउटरचा आकडा टाकायला लावला. “चार ओळी उत्तर आलं,” ती म्हणाली. म्हणजे घरातलं सगळं ठीक. मग ८.८.८.८, हा गूगलच्या डीएनएसचा आकडा, सहज लक्षात राहतो. “आलं. वेळ जास्त आहे, पण चारही आले.” म्हणजे सांगलीबाहेरचा रस्ताही चालू. “आता आकड्याऐवजी नाव लिही.” थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, “होस्ट सापडत नाही म्हणतंय.” आणि मी काही बोलायच्या आत तिचं तिनेच ताडलं, “म्हणजे रस्ता आहे, पत्ता सांगणारा गायब आहे. हो ना?”

तिकडच्या कंपनीची डीएनएस सेवा बंद पडली होती. त्यांचा फोन लागत नव्हता, सगळं गावच लावत असणार. वीस मिनिटांत आम्ही दोघींनी लॅपटॉपला दुसऱ्या डीएनएसचा पत्ता शिकवला. डॉक्टरांचा कॉल वेळेवर झाला. त्यांना बाबांच्या पायावरची सूज दिसली आणि त्यांनी त्याच दिवशी गोळीचा डोस बदलला.

फोन ठेवताना मला चार्ली क्लाइन आणि बिल डुव्हाल आठवले. एका टोकाला कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर, मध्ये साधा टेलिफोन आणि “आलं का?” “आलं.”

आईने त्या पायऱ्या वहीत लिहून ठेवल्या. आता कॉलनीत नेट गेलं की लोक तिच्याकडे येतात. बाबा म्हणतात, “हिची शाळा परत सुरू झाली.”

मोठ्यांचंही तेच

हे फक्त घरगुती माणसांचंच होतं असं समजू नका. ७ ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिका ऑनलाइनची सेवा १९ तास बंद होती आणि सुमारे ६० लाख ग्राहक ताटकळले. निमित्त होतं ठरलेल्या देखभालीच्या कामाचं.

४ ऑक्टोबर २०२१ तर तुम्हाला आठवतच असेल. सोमवार. आपली सकाळ सरत आलेली, तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले, आणि व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं एकदम गप्प. सुमारे सहा तास. त्या संध्याकाळी मला पाच-सहा घरांतून फोन आले, “आईचा मेसेज गेला नाही, तिकडे सगळं ठीक असेल ना?” घडलं होतं ते असं: देखभाल करताना दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकची आतली सगळी केंद्रं एकमेकांपासून तुटली. ते पाहून त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी “आमच्याकडे यायचा रस्ता” ही जाहिरातच जगातून मागे घेतली. पत्ता सांगणारे जिवंत होते, पण त्यांच्यापर्यंत जायची वाट पुसली गेली. आणि दुरुस्तीची साधनंही त्याच नेटवर्कवर! शेवटी इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरवर जावं लागलं. १९६९ साली त्या दोघांच्या हातात असलेला वेगळा टेलिफोन इथे कमी पडला.

त्या दिवशी मी सगळ्यांना एकच सांगितलं, साधा फोन लावा. लागले. तिकडे सगळी मंडळी ठीक होती आणि आपलंच नेट गेलंय असं समजून राउटर बंद-चालू करत बसली होती.

तर आता तुमच्यासाठी या इतिहासातून निघणारा क्रम. आधी स्वतःच्या घरात बघा: राउटरला पिंग पोचतोय का? नसेल तर वायफाय किंवा वायर. मग बाहेर: ८.८.८.८ ला पोचतोय का? नसेल तर कंपनीची लाइन. राउटर कितीदाही बंद-चालू केलात तरी उपयोग नाही, त्यांनाच फोन करा. मग नाव: नावाने पोचत नसेल तर डीएनएस. एकच वेबसाइट बंद असेल आणि बाकी चालू, तर बिघाड त्यांच्याकडे आहे, चहा घ्या. आणि पोचतंय पण फार हळू, तर ट्रेसराउट करून कुठल्या नाक्यापासून वेळ लागतोय ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही.

या दिवाळीत एक काम करा. हा क्रम मराठीत, मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहा. त्यात घरच्या राउटरचा आकडा, कंपनीचा फोन नंबर आणि शेजारच्या एखाद्या माणसाचा साधा फोन नंबर घाला. भारतात गेलात की आई-बाबांच्या राउटरशेजारी तो चिकटवा, आणि एकदा सगळं चालू असतानाच त्यांच्याकडून करून घ्या. काळी खिडकी बघून घाबरतील असं वाटतं आपल्याला. माझ्या आईने तर पुढच्याच आठवड्यात मला विचारलं, “अगं, ते ट्रेसराउट का काय, ते शिकव की!”